आजोबांची गावकरी आणि रशियातला मीर

गोव्यातली आमची गावकरी म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणारी जुनी संस्था. तिची पावणी, म्हणजे जमिनी कसायला देण्याचा लिलाव, देवळाच्या अग्रशाळेत, देवळालगतच्या धर्मशाळेत, व्हायची. आजोबा मला बोटाला धरून न्यायचे. शेतं, काजूच्या बागा, माडांची कुळागरं एकेक करून पुकारली जायची. आलेल्या पैशातून आधी बांधांची डागडुजी, देवकार्य, सरकारचा कर; उरेल ते गावकारांच्या, म्हणजे संस्थेच्या वारसदार सभासदांच्या, वाट्याला. सही मात्र आजोबा पोर्तुगीजमधून करायचे. पणजीच्या लिसेवमध्ये, पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेला माणूस, पण संध्याकाळची पोथी कधी चुकली नाही. "ही गावकरी राजांच्याही आधीची गं बाये," असं सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

हे सगळं आठवलं ते पाटोवरच्या ग्रंथालयात रशियाबद्दल वाचताना. रशियाने जगाला काहीच दिलं नाही, असं चादायेव या रशियन विचारवंताने लिहिलं आणि १८३६ साली ते छापून आलं. झारने त्याला वेडा ठरवून डॉक्टरांच्या पहाऱ्यात ठेवलं. मग मॉस्कोच्या दिवाणखान्यांत वर्षानुवर्षं वाद रंगले. बेलिन्स्की, ग्रानोव्स्की, हर्झेन यांना युरोपातलं विज्ञान आणि माणसाचं स्वातंत्र्य हवं होतं. खोम्याकोव, किरेयेव्स्की, आक्साकोव म्हणत, युरोपच्या रीती आणणाऱ्या पीटर झारने आपल्या मातीशी असलेली नाळ तोडली.

या दुसऱ्या मंडळींना मी जुनाट समजत होते. पण किरेयेव्स्की बर्लिनला जाऊन हेगेलची व्याख्यानं ऐकून आलेला! १८३२ साली त्याने काढलेल्या नियतकालिकाचं नावच 'युरोपीय'. दोन अंकांत सरकारने ते बंद पाडलं. आणि आक्साकोवने देशी रीत म्हणून राखलेली दाढी १८४९ मध्ये त्याच सरकारने उतरवायला लावली.

त्यांचा सगळा जीव मीरवर. मीर म्हणजे गावाची सामायिक जमीन, कुटुंबागणिक फिरून वाटायची, निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा. १८५६ साली चिचेरिन या इतिहासकाराने लिहिलं की ही काही प्राचीन ठेव नव्हे, करवसुलीसाठी राज्यानेच तिला हा आकार दिला. ते वाचून मी पुस्तक मिटून बसले. गोव्याच्या तिसवाडी भागातल्या गावकरी संस्थांच्या चालीरीती १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, उतरवल्या त्या पोर्तुगीजांनी, महसूल नीट यावा म्हणून. चाली आपल्या, जुन्याच. पण पुरावा म्हणून आपण दाखवतो तो कागद त्यांचा.

आजोबांच्या मागे गावकारांच्या वहीत काकांचं नाव लागलं, मग त्यांच्या मुलांचं. माझं नाही, बहिणीचंही नाही. आमच्याकडे हक्क मुलग्यांच्या वंशाला. गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या बायकांचं नाव तर कुठल्याच पानावर नाही. हे चूक आहे असं म्हणायचं बळ मला आजोबांच्या पोथीतून मिळालं नाही, शाळेतून आणि राज्यघटनेतून मिळालं. पण खाजनाचा, खाऱ्या पाण्यालगतच्या शेतांचा, बांध एकट्यादुकट्याला राखता येत नाही, हे मी अग्रशाळेतच शिकले. दोन्ही माझंच आहे. त्यातलं एक टाक, असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात तुटतं.

हर्झेनचंही असंच झालं असावं. १८४८ ची क्रांती पॅरिसमध्ये चिरडलेली पाहिली आणि हा युरोपवादी त्याच मीरकडे आशेने बघू लागला. त्याची एक आठवण मनातून जात नाही. १८४४ साली दोन्ही गटांचं येणंजाणं तुटलं. रस्त्यात आक्साकोवची घसरगाडी दिसली. तो उतरला, निरोप घेतला, निघाला आणि पुन्हा धावत येऊन त्याने हर्झेनला मिठी मारली.

यंदाच्या पावणीला मी जाणार आहे. अग्रशाळेच्या उंबऱ्याशी, लहानपणी बसायचे तिथेच बसेन. वहीत नाव लावायचा अर्ज पिशवीत असेल, मराठीत लिहिलेला.