वेंट कुणाचं?

पुन्हा तेच. फोनवर मी तिला जे सांगितलं, ते आज तिने सगळ्यांसमोर स्वतःचं म्हणून सांगितलं. "मला काय वाटतं, माहितीये?" अशी सुरुवात करून. सगळे खो खो हसले. मीही हसले. लागलं मात्र.

एवढीशी गोष्ट, पण डोळ्याला डोळा लागेना. मग धाकट्याचं व्याकरणाचं पुस्तक चाळत बसले. गो, वेंट, गॉन. शाळेत हे नुसतं घोकलं. हे वेंट मधूनच कुठून उपटलं, असं विचारायची सोय नव्हती. आज शोधलं, तर ते गोचं नाहीच! वेंड नावाचं वेगळंच क्रियापद होतं, जुन्या इंग्रजीत वेंडान, म्हणजे वळणं, वळवणं. सेंडचं सेंट, तसं वेंडचं वेंट. गोने ते उचललं आणि १५व्या शतकापर्यंत पचवूनही टाकलं. वेंडसाठी मग वेंडेड असं नवं रूप पाडावं लागलं. आता वेंड दिसतं ते एखाद्या कवितेत, नाहीतर 'वेंड युअर वे' अशा ठरावीक जोडीत.

वाचून गळाच दाटून आला. वेंड म्हणजे मीच की. जन्मभर आपण जुळवायचं आणि मिरवायचं दुसऱ्याने. आणि कुणाला पत्ताही नाही.

पण गोकडे आधी काय होतं? तर एओडे. हेही उपरंच, दुसऱ्याच धातूचं. म्हणजे गोला स्वतःचा असा भूतकाळ तेव्हाही नव्हता. एओडे झिजत गेलं, तसं स्कॉटलंडकडे लोकांनी गेड असं घरचंच रूप पाडलं. दक्षिणेकडे वेंट हाताशी होतं, घेतलं. तिचंही तसंच काहीसं... जाऊ दे, ते इथे नको.

आणि मी तरी कुठल्या तोंडाने बोलतेय? 'जाते' आलं संस्कृत 'या' धातूवरून, 'गेले' आलं 'गम्'वरून. दिवसातून शंभरदा गेले, गेला, गेली करते. गम्‌ला कधी विचारलंय? फ्रेंचांचं तर वर्तमानातलं 'मी जातो' एका लॅटिन धातूचं आणि 'मी जाईन' दुसऱ्याच.

सांगू दे तिला. फक्त नीट सांगावं. आज शेवट आधीच फोडून बसली, आणि तरी हसले मेले सगळे.