सिक्लिडचं पाणी, खायचा सोडा आणि थेंब मोजायचे दिवस

आधी गप्पी पाळलेले, गोल्डफिश पाळलेले, त्यामुळे मासे आपल्याला जमतात असा माझा ठाम समज होता. मग एकदा आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातल्या म्बुनांचे (दगडांत राहणारे सिक्लिड मासे) फोटो बघितले, पिवळेधम्मक येलो लॅब, निळ्या पट्ट्यापट्ट्यांचे डेमासोनी, आणि डोकंच फिरलं. २०० लिटरची टाकी मांडली, वाळू घातली, दगडांचा डोंगर रचला, मधोमध एक मस्त वाकडंतिकडं ड्रिफ्टवूड ठेवलं जे मी महिनाभर भिजवून भिजवून त्याचा रंग काढला होता, आणि आठ येलो लॅब आणून सोडले. फिल्टरमध्ये जुन्या टाकीतला स्पंज घातलाय म्हणजे टाकी सायकल झालेलीच आहे (माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार आहेत), हे माझं मीच ठरवून टाकलं.

पीएच मोजला तर ७. मलावीचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो, टांगानिका तळ्याचा तर ९ च्याही आसपास जातो, एवढं मी वाचलेलं. म्हटलं सोपंय, पीएच वाढवायची बाटली मिळते ती आणू. संध्याकाळी मोजून झाकणभर घातलं, तासाभराने ८.४, मी खूश. सकाळी बघतो तर ७.३. परत झाकणभर, परत ८.४, दुसऱ्या दिवशी परत खाली. असं तीन दिवस चाललं होतं आणि मला वाटत होतं बाटलीच डुप्लिकेट आहे.

चौथ्या दिवशी सकाळी लाइट लावला तर सगळे वर, पृष्ठभागाला तोंड लावून, कल्ले फडफड फडफड, आणि एक जण दगडाच्या फटीत आडवा. तो गेलाच.

मग मित्राला फोन केला, तो गेली कित्येक वर्षं सिक्लिड ठेवतो. मी पीएचची सगळी कहाणी सांगितली, त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, "ते राहू दे, केएच किती आहे?" केएच म्हणजे पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण. मी म्हटलं केएच नाही मोजला. "आणि अमोनिया?" तोही नाही मोजला. पलीकडे जरा वेळ शांतता.

अमोनिया निघाला ०.५. स्पंज जुन्या टाकीतला होता खरा, पण दोन गप्पींच्या घाणीची सवय असलेल्या बॅक्टेरियांवर मी आठ सिक्लिड टाकले होते. आता यातली गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी की तोच ०.५ अमोनिया पीएच ७ ला फारसा त्रास देत नाही, कारण २५ डिग्रीला त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या पुढे जातो आणि ८.५ ला पंधराच्या आसपास. म्हणजे रोज संध्याकाळी झाकणभर औषध घालून मीच त्या पाण्याचं विष करत होतो, आणि सकाळपर्यंत ते आपोआप उतरत होतं. मासे तीन दिवस टिकले हेच नवल.

मित्राने सांगितलं की पीएच आहे तिथे राहू दे, हात लावू नकोस, रोज थोडं पाणी बदल, खाणं कमी कर आणि अमोनिया शून्य आला की मग फोन कर. त्यात दहा दिवस गेले. तोवर केएचचं किट आणलं.

हे किट मला मनापासून आवडतं. ५ मिली पाणी घ्यायचं, एक एक थेंब टाकायचा आणि हलवायचं, पाणी निळं होतं, आणि ज्या थेंबाला निळ्याचं पिवळं होतं तितका केएच. माझ्या नळाचं पाणी दुसऱ्याच थेंबाला पिवळं झालं! केएच २, जीएच (पाण्याचा हार्डनेस) ३. थोडक्यात, पाण्यात कार्बोनेट जवळपास नाहीच, आणि पीएच धरून ठेवतो तो हाच कार्बोनेट. तो नसेल तर तुम्ही वरून काहीही ओता, पीएच जागेवर थांबणार नाही. बाटली बिचारी ओरिजिनल होती.

बरं, केएच एकदा वाढवला की काम झालं असंही नाही. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते केएच खातं. ड्रिफ्टवूडमधून टॅनिन सुटत राहतं, तेही आम्लच, ते वेगळंच. म्हणून पहिलं काम, लाकूड बाहेर. जिवावर आलं, पण काढलं.

मग खायचा सोडा. धुण्याचा नव्हे, हे मित्राने मला दोनदा म्हणून घ्यायला लावलं, कारण खायच्या सोड्याने पीएच ८.२-८.३ च्या आसपास जाऊन थांबतो, धुण्याचा सोडा त्याच्या कितीतरी वर नेऊन ठेवतो. हिशोब असा की १०० लिटरला केएच १ ने वाढवायला ३ ग्रॅम. मला २ वरून ८ वर जायचं होतं, २०० लिटर, म्हणजे ३६ ग्रॅम. बायकोच्या किचनमधला वजनकाटा पळवला, रोज ६ ग्रॅम मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या धारेत सोडायचो, सहा दिवस. "मासे पाळतोयस की लॅब काढलीयस?" असं ती म्हणाली. मी म्हटलं येलो लॅब. तिला हसू आलं नाही.

सहाव्या दिवशी थेंब मोजले तर ९. परत मोजले, ९. रात्री टाकीकडे बघत बसलो होतो तेव्हा ट्यूब पेटली, अरे २०० लिटर पाणी आहेच कुठे, दगडांनी आणि वाळूनेच तीसेक लिटर जागा खाल्लीय. ९ ने काही बिघडत नाही, पण तेव्हापासून मी १७० धरूनच हिशोब करतो.

मध्ये आणखी एक घोळ. माझ्याकडे टीडीएस मीटर होता, सोडा घातल्यावर आकडा सुसाट वर गेला, मला वाटलं वा, हार्डनेस पण आला. जीएच मोजला तर तिथेच, ३. सोड्यात सोडियम असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं, आणि जीएच म्हणजे हे दोघं. टीडीएस मीटरला काय, काहीही विरघळलेलं चालतं, त्यामुळे या कामात त्याच्यावर माझा अजिबात विश्वास नाही. मीठ घाला असंही कोणीतरी सांगतंच, त्याचीही हीच कथा. जीएचसाठी मी एप्सम सॉल्ट घेतलं (मॅग्नेशियम) आणि फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत कोरलचा चुरा ठेवला (कॅल्शियम). कोरलबद्दल लोक फार भरभरून बोलतात, पण पीएच ८ च्या आसपास गेला की तो विरघळायचं जवळजवळ बंद होतो, शिवाय दोन महिन्यांत त्यावर बुळबुळीत थर चढतो, तो धुवावा लागतो. मी तो फक्त आधार म्हणून ठेवलाय.

आता दर रविवारी ६० लिटर पाणी बदलतो. आदल्या रात्री ड्रमात पाणी भरून एअर स्टोन लावून ठेवतो, कारण नळाच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्याचा पीएच खोटा दिसतो, माझ्याकडे ७ चा रात्रीत ७.५ होतो. सकाळी क्लोरीनचं औषध, ११ ग्रॅम सोडा, ८ ग्रॅम एप्सम, ढवळायचं, तापमान जुळलं की टाकीत. पीएच ८.१ ला चिकटून बसलाय, आता तर आठवण आली तरच मोजतो.

मात्र वाफ होऊन पाणी कमी झालं की भर टाकताना सोड्याचं पाणी नाही, साधंच टाकायचं. पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात. मलावी आणि टांगानिकामध्येही पाणी नदीवाटे थोडंच बाहेर पडतं, बरंचसं वाफ होऊनच जातं, म्हणून तर ती तळी क्षाराची. मी महिनाभर सोड्याच्या पाण्याने भर टाकत होतो आणि केएच ११ कसा झाला म्हणून डोकं खाजवत होतो.

सात लॅब धडधाकट आहेत, एकमेकांच्या मागे लागलेले असतात दिवसभर. ड्रिफ्टवूड बाल्कनीत पडून आहे. परवा मित्र त्याच्याकडे बघून म्हणाला, तुझं नळाचं पाणी तर टेट्रांसाठी (मऊ पाण्यातले छोटे मासे) एक नंबर आहे, त्यात काही घालायचीच गरज नाही. छोट्या टाकीचं माप घेऊन ठेवलंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.