आमची वाटचाल : एक प्रकरण न वगळल्याची गोष्ट

किशोरांसाठी कादंबऱ्या काढायच्या म्हटलं की धंद्यातली माणसं साहसकथा काढायला सांगतात. गुहा, नकाशा, हरवलेला कुत्रा. आम्हीही सुरुवातीला तेच काढलं, खपलंही, घर चाललं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पण ज्या पुस्तकापायी आमच्या दाराला कुलूप लागायची वेळ आली, त्याबद्दल सांगायलाच हवं, कारण बाजारात त्याची भलतीच हकिगत फिरते.

संहिता नवख्या लेखिकेची होती. नायक पंधरा वर्षांचा, वडील मारतात. हे वडील दारू पीत नाहीत, चारचौघांत हसतमुख, शाळेच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला सगळ्यांत पुढे. मुलाने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखलेला असतो: कोणत्या वळाचं कोणतं कारण, कुणाला सांगितलं. खेळाच्या सरांना सायकल, मित्राला जिना, मावशीला कपाटाची कड. एकाच माणसाला तेच कारण दुसऱ्यांदा जाऊ नये म्हणून. ते पान वाचून काकांनी चष्मा काढला. म्हणाले, "हे छापायचं. हिशेबाचं मागाहून बघू."

काका म्हणजे आमचे पहिले भागीदार. हाताने छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. ओळीखाली पत्र्याची पट्टी धरून मुद्रितं शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचे, म्हणजे मन अर्थात गुंतत नाही आणि चूक सुटत नाही. या कादंबरीचं वाचन मात्र त्यांना पुन्हा करावं लागलं. पहिल्या वेळी ते सुलट वाचत गेले होते.

वाद झाला तो पंधराव्या प्रकरणावरून. मुलगा सरांना सगळं सांगतो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणतो, "मी खोटं बोललो." वितरक म्हणाला, हे काढा, नायकच खोटारडा ठरतो. आम्ही त्याच्यापुढे रोलंड समिट या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाचा 1983चा लेख ठेवला. घरात लैंगिक अत्याचार सोसणाऱ्या मुलांबद्दल त्यात पाच गोष्टी मांडल्या आहेत: गुपित, असहायता, अडकून पडून जुळवून घेणं, उशिरा आणि न पटेल असं सांगणं, आणि सांगितलेलं मागे घेणं. आमच्या कादंबरीत मारहाण होती, पण गाठ तीच. ज्याने मारलं त्याच्याच घरी रात्री झोपायचं असेल तर मुलगा शब्द फिरवणारच. वितरकाने लेखाकडे पाहिलंसुद्धा नाही. "घरातलं घरात राहू द्या हो," एवढंच म्हणाला.

प्रकरण ठेवलं. त्याने प्रती उधारीवर उचलल्या आणि हंगाम संपताच गठ्ठे परत पाठवले, पट्ट्यासुद्धा न कापता! कागदवाल्याचे पैसे थकलेले, बांधणीवाल्याने पुढचे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले पानांचे ताव, अडवून ठेवलेले. शेवटी कटिंग मशीन विकलं. त्या मशीनच्या पात्याला धार लावून आणायचं काम मी कुणावर सोपवलं नव्हतं. कडेला एक कूस उठली तरी मला झोप लागत नसे. आता कटिंग बाहेर होतं आणि कडा कशा येतात ते बोलण्यात अर्थ नाही.

त्याच सुमारास आमच्याच व्यवसायातल्या एका मोठ्या घराने कादंबरी आणली. मुलाच्या जागी मुलगी, वहीच्या जागी मोबाइल, तक्ता तोच. शेवटच्या पानावर पोलीस येतात आणि सगळं मिटतं. मुखपृष्ठावर ओंजळीत तोंड लपवलेली मुलगी, वर लाल अक्षरं. तिचं कौतुक झालं, 'या विषयावरचं पहिलंच धाडस' म्हणून. पहिलं! आमचे गठ्ठे तेव्हा जिन्याखाली पडून होते.

तरलो ते एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंमुळे. थोड्या प्रती नेल्या, थोड्याच दिवसांत आणखी मागवल्या. पहिल्यांचं काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "चोरीला गेल्या. या पुस्तकासाठी रजिस्टरात नाव कोण लिहील? न्या म्हणून मीच उघड्या फळीवर ठेवते." पुढच्या आवृत्तीसाठी त्यांनी एकच मागणी केली: मुखपृष्ठ असं करा की पोराला ते घरी नेता येईल. पुस्तक जातं ते त्याच घरात, हे आमच्या चित्रकाराच्याही ध्यानात आलं नव्हतं. मग पुस्तकाचा डेमी आकार सोडून त्याहून लहान क्राउन घेतला, दप्तरातल्या वहीत सरकेल असा. मुखपृष्ठावर सायकल, मलपृष्ठावर विषयाचा उल्लेख नाही. मदत कुठे मागावी ते पान शेवटच्या फर्म्यात, मथळ्याशिवाय. बांधणी शिवलेली घेतली, कारण डिंकाची बांधणी एकच पान पुन्हा पुन्हा उघडलं की तिथेच सुटते.

या विषयावर लिहू पाहणाऱ्यांना आयतं सांगून ठेवतो. बापाला राक्षस करू नका. त्याचे चांगले दिवसही लिहा, मुलगा त्यांच्याच आशेवर गप्प राहतो. आईचं गप्प राहणं एका वाक्यात उरकू नका. कथेतल्या शिक्षकाच्या तोंडी "मी कुणाला सांगणार नाही" हे वाक्य कधीही घालू नका. वाचणारं मूल तेच वचन खऱ्या शिक्षकाकडे मागेल, आणि ते पाळलं तर मुलाचं रक्षण होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेचं 19वं कलम आईवडिलांकडून होणाऱ्या हिंसेपासूनही मुलाला संरक्षण द्यायला सांगतं, म्हणजे 'घरातलं घरात' म्हणायची सोय तिथेही नाही. आणि कृपा करून रडणाऱ्या मुलीचं मुखपृष्ठ नको.

प्रदर्शनात अजूनही कुणी ना कुणी येऊन "ती रडणाऱ्या मुलीची कादंबरी तुमचीच ना?" असं विचारतं. मी समोरचा स्टॉल दाखवतो.

लेखिकेची नवी संहिता सध्या काकांच्या पट्टीखाली आहे. यात घर सोडून गेलेली मोठी बहीण आहे आणि मागे राहिलेला भाऊ. परवा त्याच वितरकाचा फोन आला, गोड बोलत होता. त्याला म्हटलं, रोख पैसे, परतीची अट नाही, आणि प्रकरणं मोजायची नाहीत. विचार करून कळवतो म्हणाला आहे.