एक गाळा, एक गादी आणि भिंतीवरच्या रेघा

इचलकरंजीत कारखान्यांची पाळी बदलते त्या सुमाराला आमचं फिजिओथेरपीचं केंद्र उघडतं. रात्रपाळी करून आलेला माणूस एकदा घरी जाऊन आडवा झाला की दिवसभर परत फिरकत नाही, हे पहिल्या वर्षातच लक्षात आलं. म्हणून सकाळी सातला शटर वर, रात्री नऊला खाली, मधे दुपारी तीन तास बंद. २०११ पासून हे वेळापत्रक बदललेलं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. साडेचार वर्षांचं शिक्षण, त्यातले शेवटचे सहा महिने रुग्णालयातली उमेदवारी, मग पुण्यात दोन वर्षं नोकरी. गावी परत आले ती आजीमुळे. आजी न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. पण तिला कधी उठवायचं, किती पावलं चालवायचं, हे घरच्यांना कोणी नीट सांगितलं नाही आणि घरच्यांनी मायेपोटी तिला गादीवरच ठेवलं. "म्हातारं माणूस, पडू दे निवांत." चार महिन्यांनी मी सुट्टीवर आले तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण मांडी माझ्या मनगटाएवढी झाली होती. मोडलेल्या हाडापेक्षा त्या विश्रांतीनं तिला जास्त अधू केलं. पुढे ती वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाऊ लागली, तेवढंच. पहिल्याच आठवड्यात तिला उभं केलं असतं तर ती अंगणातल्या तुळशीपर्यंत गेली असती, असं मला आजही वाटतं.

वडिलांचा सूत ठेवायचा गाळा होता, दहा बाय अठराचा. तो त्यांनी रिकामा करून दिला. पतसंस्थेचं दीड लाखाचं कर्ज काढून शेकाचं, करंटचं आणि दुखऱ्या जागी ध्वनिलहरी सोडणारं अल्ट्रासाउंडचं अशी तीन मशीन घेतली. चालायला शिकवण्यासाठी दोन्ही बाजूंनी धरायचे दांडे लागतात, ते ओळखीच्या वेल्डरकडून पाइप वापरून करून घेतले. ते आजही वापरात आहेत.

आपल्या देशात या विषयाचं शिक्षण सुरू झालं मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा मुंबईत पोलिओची साथ होती आणि लुळी पडलेली मुलं चालती करायला शिकलेली माणसंच नव्हती. आम्ही गाळा उघडला त्याच वर्षी, जानेवारी २०११ मध्ये, भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. ज्या आजारासाठी आमची विद्या या देशात आली, तो गेला. माझ्यासमोर बसू लागले ते वेगळेच लोक: साखरेच्या आजारानं आखडलेले खांदे, लकवा मारलेली अर्धी शरीरं, ऑपरेशन करून बदललेले गुडघे, आणि बारा-बारा तास यंत्रमागांमधून येरझाऱ्या घालणारे पाय.

यंत्रमाग कामगाराला "आराम करा" हा सल्ला देणं म्हणजे काहीच न देणं. त्याची मजुरी कापडाच्या मीटरवर. माग थांबला की पैसे थांबले. त्यामुळे काम चालू ठेवून काय करता येईल ते शोधावं लागलं. मागाशेजारी एक वीट ठेवा आणि थोड्या थोड्या वेळानं आलटून-पालटून एकेक पाय तिच्यावर टेका, कमरेचा ताण हलका होतो. दर तासाला टाचा वीस वेळा उचला, पोटऱ्यांत साचलेलं रक्त वर चढतं. तागा उचलताना कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका आणि तागा पोटाशी धरा. हे सगळं मी बोलून कमी आणि करून जास्त दाखवते. वर्षानुवर्षं खडखडाटात काम केलेल्यांना ऐकू कमी येतं आणि कारखान्यात ते एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलतात. त्यांची ती भाषा मीही थोडी शिकले.

पहिली दोन वर्षं पेशंट कमी होते. एका ठिकाणाहून निरोप आला, पेशंट पाठवतो, पण प्रत्येकामागे तीस टक्के द्यावे लागतील. त्या महिन्याचा हप्ता थकला होता. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण आजवर तागा मोजून दिला. मापात पाप नको." मी नाही म्हणून कळवलं. कमिशन द्यायचं तर ते पेशंटच्याच खिशातून काढावं लागतं, दहा दिवसांचं काम वीस दिवस लांबवून.

पण एका बाबतीत माझंही चुकत होतं आणि ते कळायला आठ वर्षं लागली. लोक येऊन म्हणायचे, "मॅडम, शेक द्या", "करंट लावा". मी लावायची. पंधरा मिनिटं मशीन, पाच मिनिटं व्यायाम. दुखणं तीन-चार दिवसांत उतरायचं आणि निम्मे लोक तिथेच यायचे थांबायचे. दरफलकावर प्रत्येक मशीनचा वेगळा दर होता. व्यायामाला दरच नव्हता. ज्याचे पैसे घेत नाही ते फुकटचं, वरचं, असंच लोकांना वाटणार.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला पूर आला. गाळ्यात कमरेएवढं पाणी होतं. चार दिवसांनी शटर उघडलं तेव्हा तिन्ही मशीन चिखलात होती. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा सुरुवात केली ती एक गादी, दोन टॉवेल, एक दोरी आणि ओळखीच्या कारखान्यातून आणलेला जुना लाकडी दांडा एवढ्यावर. खांद्यासाठी भिंतीला लाकडी शिडी होती. बोटं एकेका पायरीवर चढवत हात वर न्यायचा. ती पाण्यानं फुगून सुटली होती. म्हणून भिंतीवरच पेन्सिलनं एकेका इंचावर रेघा मारल्या आणि त्यांना नंबर दिले. पुराच्या पाण्याचा डाग जिथे संपत होता तिथूनच पहिली रेघ सुरू झाली.

त्याच आठवड्यात एक मावशी आल्या. कांडी भरण्याचं काम, वय पन्नाशीचं, आठ वर्षांची शुगर. डावा खांदा पाच महिने धरलेला. "मशिनी बुडाल्या म्हनं तुमच्या? मग आता करनार काय?" मी त्यांना भिंतीपाशी उभं केलं. बोटं अकराव्या रेघेवर थांबली. त्यांना वाटत होतं हात अजून वर चाललाय, पण प्रत्यक्षात सगळा खांदाच कानाकडे चढत होता. आखडलेल्या खांद्यात हीच फसगत होते. सांध्याभोवतीची पिशवी जाड होऊन आवळते, खरी हालचाल बंद पडते आणि पाठीवरचं पातं तिची उसनवारी करतं. मी एका हातानं ते पातं दाबून धरलं तेव्हा हात जिथल्या तिथे थबकला. कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर वळवायला सांगितला, तो जेमतेम दहा अंश वळला. आखडलेल्या खांद्यात ही हालचाल सगळ्यात आधी जाते. त्यांचा त्रास मात्र त्यांनी वेगळ्याच शब्दांत सांगितला. "अंबाडा घालता येईना झालाय. रोज सुनंला हाक मारायची म्हंजे..." पुढचं त्या बोलल्या नाहीत.

मशीन नव्हतं म्हणून चाळीस मिनिटं त्यांच्यासोबतच बसले. ओणवं होऊन हात लंबकासारखा सैल सोडायचा, दांडा दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं दुखऱ्या हाताला बाहेर ढकलायचं, टॉवेल पाठीमागून ओढायचा. घरी दिवसातून तीनदा, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकून झाल्यावर. दुखेल तिथपर्यंत जायचं, रात्रीची झोप मोडेल इतकं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या आणि शुगर या दोन्हींकडे लक्ष ठेवायचं. दर सोमवारी अंश मोजून त्यांच्या वहीत लिहायचे. असा खांदा आपोआप सुटायला एक ते तीन वर्षं घेतो, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खोटी मुदत दिली नाही.

चौथ्या महिन्यात एका सकाळी त्या भिंतीकडे न जाता आरशाकडे गेल्या. पिशवीतून आकडे काढले, ओठांत धरले. केस सोडले, दोन्ही हात मागे नेले. डावं कोपर थरथरलं, पण खाली आलं नाही. पीळ दिला, गुंडाळला, एकेक आकडा खोचला. मग भिंतीपाशी येऊन बोटं चढवली. अडतीस.

पुरानंतर चार महिन्यांत आलेल्या लोकांच्या वह्या मी एका रविवारी बसून वाचल्या. अर्ध्यावर सोडून गेलेले आधीच्यापेक्षा खूप कमी होते. मशीन आम्ही पुन्हा घेतली, पण तीनऐवजी एकच. दुखणं इतकं असतं की माणूस हातच लावू देत नाही, तेव्हा ते उपयोगी पडतं. दुखणं थोडं दबतं आणि व्यायामाला वाट मिळते. हालचाल मात्र परत येते ती माणूस स्वतः हलतो तेव्हाच. दरफलक काढून टाकला. आता एकच फी, चाळीस मिनिटांची, मशीन लागलं तर त्यातच. सुरुवातीला उत्पन्न घटलं आणि पतसंस्थेत जाऊन हप्ते लांबवून घ्यावे लागले. ते दिवस कठीण होते, पण त्या निर्णयाबद्दल मला एकदाही शंका आली नाही.

लकव्याच्या पेशंटच्या घरच्यांसाठी एक गोष्ट इथेही लिहिते, कारण ती आम्हाला रोज सांगावी लागते. लुळ्या हाताला धरून किंवा बगलेत हात घालून माणसाला उठवू नका. स्नायू ढिले पडल्यामुळे खांद्याचा गोळा खोबणीतून खाली सरकतो, आणि ओढल्यानं झालेलं दुखणं महिनोन्महिने पुरतं. कमरेला पट्टा किंवा घडी घातलेला पंचा बांधा आणि तो धरून उठवा. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात झपाट्यानं होते, म्हणून "जरा बरं वाटलं की येतो" असं म्हणून ते दिवस घालवू नका. आणि वर्ष उलटलं म्हणून सोडूनही देऊ नका. पेला तोंडाशी नेण्याची एकच हालचाल शेकडो वेळा केल्यावर मेंदूत नवी वाट पडते.

वयस्कर मंडळींसाठी भिंतीला टेकवलेली एक साधी लाकडी खुर्ची आहे. हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजतो. ज्यांना एकदाही उठता येत नाही त्यांना खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवून देतो आणि मग आठवड्या-आठवड्यानं उशी पातळ करत जातो. आजीच्या वेळी मला हे करता आलं असतं.

आता आम्ही तिघी आहोत. शेजारचा गाळाही भाड्यानं घेतला. गेल्या दिवाळीत भिंतींना रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं रेघांवरून ब्रश फिरवू का विचारलं. दीड फुटाची ती पट्टी तशीच ठेवायला लावली. तिच्यावर लोक आपापली तारीख लिहितात.

दोन कारखान्यांत आम्ही पाळी बदलताना दहा मिनिटं व्यायाम घेतो. जाणारे आणि येणारे, दोघं मिळून. तिसऱ्या कारखान्यात पुढच्या महिन्यापासून जायचं आहे. तिथल्या मालकांनी भिंतीवर रेघा मारायला आधीच जागा दाखवून ठेवली आहे.