हुर्राकाच्या दिवसांत दारू सोडलेल्या माणसाला जपताना

मार्च-एप्रिलात गोव्यात दारू गाळायची भाटी पेटली की हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास वाड्यावर पसरतो. दोन महिन्यांपूर्वी दारू सोडलेल्याला तलफ यायला तेवढंही पुरतं. वास, तिन्हीसांजेची वेळ, तावेर्नातलं (दारूच्या गुत्त्यातलं) बाकडं, जुने सोबती हे सगळं मेंदूने एकत्र बांधून ठेवलेलं असतं. तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ पोट भरलेलं हवं, सोबतीला कुणीतरी हवं, आणि घरी यायची वाट तावेर्नावरून नको.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, ४८ तासांपर्यंत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो. त्यात जीवही जाऊ शकतो. देवाला नवस बोलून घरात कोंडून ठेवणं म्हणूनच घातक. गोव्यातल्या बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत न्या. तिथे ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) का देतात, तेही विचारा.

पुढे तलफ कमी करायला यकृत तपासून नाल्ट्रेक्सोन हे औषध देतात. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध मात्र जेवणात चोरून घालू नका, कळवळून सांगतोय! वर दारू गेली तर रक्तदाब कोसळतो.

पुन्हा प्यायला, तर भांडू नका. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन मोफत आहे.