नोर्चा ते मोन्ते कासिनो, कुरकुरीसकट

इटलीत संत बेनेडिक्टच्या वाटेवर पायी यात्रा केली, नोर्चा ते मोन्ते कासिनो. नोर्चा हे त्याचं जन्मगाव. २०१६ च्या भूकंपानं मोडलेलं, म्हणून तिथून निघतानाच मन उदास होतं. पुढे संत रितेची काशा, लेओनेस्सा, रिएती. कुठल्या गावात मिस्सा (चर्चमधली उपासना) मिळाली नि कुठल्या गावात चुकली, सगळी सरमिसळ झालीय.

ओर्विनियो गावाच्या अलीकडची दुपार मात्र लख्ख आठवते. टाचेचा फोड फुटून मोजा चिकटलेला. हातात जपमाळ, तोंडात शिव्या. सोबतचे एक काका दर वळणावर "आलंच आता" म्हणायचे. त्यांच्याशी मी बोलणंच टाकलं होतं. बेनेडिक्टनं मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत मठवासीयांना कुरकुरीची सक्त मनाई आहे. ते आठवलं नि आणखीच चिडचिड झाली.

एका घराच्या पायरीवर बसकण मारली. आतून आजी आल्या. काही न विचारता बूट ओढून काढला, मोजा भिजवून अलगद सोडवला, मिठाच्या कोमट पाण्याचं घमेलं पुढ्यात सरकवलं. वर मला झापलं. शब्द कळले नाहीत, पण सूर थेट आमच्या वसईच्या मावशीचा. झोंबलं की मी पाय वर घ्यायचे, त्या पुन्हा पाण्यात दाबायच्या. आलेला पाहुणा म्हणजे ख्रिस्तच, त्याचे पाय मठाधिपतीनं सगळ्यांसह धुवावेत, हेही त्याच नियमावलीत आहे. आजींनी ती वाचली असेल-नसेल. पैसे पुढे केले तर हातावर चापट बसली.

वाटेवरच्या विकोवारोच्या साधूंनी बेनेडिक्टला आग्रहानं मठाधिपती केलं आणि शिस्त जाचू लागल्यावर त्याच्या द्राक्षारसात विष कालवलं. त्यामानानं माझं नि काकांचं बरं चाललं होतं.

सुबियाकोची गुहा. त्याआधी, रोमचं शिक्षण सोडून बेनेडिक्ट पोरगा असताना इथं तीन वर्षं एकटा राहिला. रोमानुस नावाचा साधू वरून दोरीनं पाव सोडायचा. ईस्टरला एक धर्मगुरू जेवण घेऊन आला, तेव्हा आज सण आहे हेही याला ठाऊक नव्हतं. गुडघे टेकले नि रडू फुटलं. मागून कुणीतरी फोटोसाठी सरकायला सांगितलं. सरकले. पुढे एवढी माणसं जमली की या एकांतवेड्याला बारा मठ उभारावे लागले.

पुढे कासामारीचा मठ झाला. मोन्ते कासिनोचा मठ १९४४ च्या बॉम्बफेकीनंतर पुन्हा बांधलेला. तिथं बेनेडिक्ट आणि बहीण स्कोलास्तिका एकाच कबरीत. तिनं एकदा त्याला रात्रभर बोलत बसायला थांब म्हटलं. नियमावर बोट ठेवून तो उठला. तिनं प्रार्थना केली आणि असा पाऊस कोसळला की त्याला उंबरठा ओलांडता येईना. आम्हालाही शेवटच्या चढणीवर पावसानं झोडपलं. मी स्कोलास्तिकेलाही चार शब्द सुनावले.