पत्र्याच्या सभागृहात ‘२००१’

स्टॅन्ली क्युब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मराठवाड्यातल्या एखाद्या सभागृहात दाखवायचा असेल तर आधी तारीख ठरवा, प्रोजेक्टरचं नंतर बघू. एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय कोणी बसणार नाही, आणि कूलरच्या घरघरीत हा सिनेमा अर्धा वाया जातो. पोकळीत आवाज पोचत नाही, म्हणून इथली यानं गर्जत नाहीत. यानाबाहेर गेलेल्या अंतराळवीराचा नुसता श्वास ऐकू येतो, आणि यानाचा संगणक हॅल अंतराळवीर फ्रँकचा जीव घेतो तेव्हा तोही बंद. पावसाळ्यात पत्रा वाजतो. उरले डिसेंबर-जानेवारी, तेही दिवस मावळल्यावर.

जाहीर खेळाचा परवाना वेगळा काढावा लागतो. घरची डिस्क किंवा ओटीटीचं खातं चालत नाही.

चित्राची चौकट (रुंदी : उंची) २.२० : १. नेहमीच्या १६ : ९ प्रोजेक्टरनं १२ फूट रुंद चित्र टाकलं तर वर-खाली सुमारे आठ-आठ इंच रिकामे राहतात, आणि ते काळे नाही, करडे दिसतात. तिथं काळं कापड लावा. खिडक्यांना बारदान नको, उजेड झिरपतो. काळी ताडपत्री बरी.

लाइट जाणार हे धरूनच चला. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेल्या दिव्याचं आयुष्य घटतं. ३०० वॅटच्या प्रोजेक्टरला १ केव्हीएचा यूपीएस पुरे, जनरेटर सुरू होईपर्यंतच तर ताणायचं आहे. जनरेटर मात्र इमारतीच्या मागे, लांब.

ऑपरेटरला बजावून ठेवा: सुरुवातीला जवळपास तीन मिनिटं काळा पडदा आणि लिगेटीचं संगीत आहे, केबल हलवू नकोस. श्रेयनामावली संपल्यावरही ‘ब्लू डॅन्यूब’ वाजत राहतं, दिवे लावू नकोस. पहिला संवाद सुमारे २५ मिनिटांनी येतो. ही गोष्ट प्रेक्षकांनाही आधीच सांगा, नाहीतर ‘आवाज वाढवा’ची ओरड ठरलेली. मध्यंतर सिनेमातच आहे, हॅल ओठ वाचतो त्यानंतर. चहा तेव्हाच.

नंतरच्या चर्चेत सिनेमात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या काळ्या शिळेचा अर्थ सांगायला माईक कुणाच्याही हाती देऊ नये, असं माझं मत. कॉलेजची मुलं असतील तर फळ्यावर गणित मांडा. यानातल्या फिरत्या चक्राचा सेट ३८ फूट व्यासाचा होता. चक्र फिरलं की आतला माणूस कडेला दाबला जातो आणि त्याला वजन जाणवतं. तेवढ्या चक्रात पृथ्वीइतकं वजन हवं तर मिनिटाला १२ फेरे लागतात, म्हणजे मान वळवली की गरगरणार. चंद्राइतकं हवं तर पाच पुरतात. शिवाय उभ्या माणसाच्या डोक्याशी हे कृत्रिम गुरुत्व पायांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी भरतं.